करवत कुणी निवडायची?

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेतली काही मुले दाखला घेतात आणि सरळ कारखान्यात जातात. कारखाना म्हणजे धुराडे असलेली गिरणी नव्हे. जोगेश्वरी पश्चिमेला रिलीफ रोडच्या आतल्या गल्ल्या, ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजाराची मागची बाजू, साकीनाक्याचा खैरानी रोड, घाटकोपरचे असल्फा, अशा भागांत दहा बाय वीसचे गाळे असतात. खाली लाकूडकाम चालते, पोटमाळ्यावर पाच-सहा कारागीर झोपतात. मुलगा पहिल्या महिन्यात झाडू मारतो, चहा आणतो. दुसऱ्या महिन्यात उस्ताद फळी कापत असताना तिचे दुसरे टोक धरतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याच्या हातात कटर येतो. तो कसा धरायचा हे सहसा कुणी शिकवत नाही. पाहून पाहून शिकायचे असते.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. मशीन विकणे किंवा दुरुस्त करणे हा माझा धंदा नाही. पण मामूंचा जोगेश्वरीत गाळा होता आणि माझ्या शाळेच्या बहुतेक सुट्ट्या तिथल्या भुश्शात गेल्या. शिवाय ज्या मुलांचे अक्षर वळणदार व्हावे म्हणून मी वर्षानुवर्षे वह्या तपासल्या, त्यांचेच हात आज या मशीनवर आहेत. एवढ्या नात्याने करवतीबद्दल चार गोष्टी बोलायचा हक्क मला आहे असे मी समजतो.

निमित्त एका माजी विद्यार्थ्याचे. आठ वर्षे दुसऱ्याच्या गाळ्यात घालवून त्याने आता दोन जोडीदारांबरोबर स्वतःचा गाळा भाड्याने घेतला आहे. मोबाईलवर अमेरिकन सुतारांचे व्हिडिओ पाहून त्याने एक नाव उचलले आणि मला विचारले, "सर, रेडियल आर्म सॉ घेऊ का? एकच मशीन, सगळी कामे करते म्हणतात."

त्याला जे सांगितले तेच इथे सविस्तर मांडतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. करवत घेताना आपण इंच पाहतो, एचपी पाहतो, किंमत पाहतो. हात घसरला तर ही मशीन काय करेल, हे पाहत नाही. आणि ज्याचा हात घसरणार आहे त्याला तर कुणी विचारतच नाही.

लाकूड थांबते, करवत चालते

आधी मशीन समजून घेऊ. रेडियल आर्म सॉमध्ये टेबलाच्या मागे एक खांब असतो. खांबावरून एक आडवा दांडा टेबलावर पुढे येतो. या दांड्याला मोटार आणि गोल ब्लेड लटकलेले असते आणि ते दांड्यावर मागे-पुढे सरकते. लाकूड मागच्या पट्टीला टेकवून स्थिर ठेवायचे आणि ब्लेड त्यावरून ओढायचे. दांडा डावीकडे-उजवीकडे फिरतो, म्हणजे चौकटीचा ४५ अंशाचा काप मिळतो. मोटार कलते, म्हणजे तिरकी धार मिळते. मोटार काटकोनात वळवली की लाकूड लांबीत चिरताही येते.

ही कल्पना रेमंड डीवॉल्ट या अमेरिकन माणसाची. १९२२ मध्ये त्याने ती काढली आणि पेनसिल्व्हेनियातल्या लिओला गावी तिचा कारखाना उभा राहिला. आपल्या बाजारात पिवळ्या-काळ्या रंगाची ड्रिल मशीन ज्या नावाने विकली जातात, ते नाव मुळात या करवतीमुळे जगाला माहीत झाले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत अमेरिकेतल्या बांधकामांवर आणि घरोघरच्या गॅरेजमध्ये ही करवत पोहोचली.

आपल्या गाळ्यासाठी तिच्यात एक खरा गुण आहे, तो म्हणजे जागा. टेबल सॉवर आठ फुटांची फळी लांबीत चिरायची तर ब्लेडच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात. वीस फुटांच्या गाळ्यात त्या वेळी दुसरा माणूस उभा राहू शकत नाही. रेडियल आर्म सॉ मात्र लांब भिंतीच्या मधोमध लावता येते. फळी भिंतीलगत डावी-उजवीकडे पसरते, कारागीर पुढे उभा राहतो, बाकीचा गाळा मोकळा राहतो. लांब, जड लाकूड ढकलावे लागत नाही. दरवाज्याच्या चौकटी, सोफ्याच्या फ्रेम, खाटेचे पाय, गोरेगावच्या चित्रनगरीतल्या सेटला लागणाऱ्या शेकडो बॅटन पट्ट्या, असे एकाच मापाचे आडवे तुकडे पाडायचे असतील तर ही मशीन दिवसभर कंटाळत नाही.

आता दुसरी बाजू. ही करवत ओढताना ब्लेडचे खालचे दात कारागिरापासून दूर, मागच्या पट्टीकडे फिरत असतात. त्यामुळे लाकूड पट्टीला घट्ट दाबले जाते, हे चांगलेच. पण गाडीचे चाक आठवा. चाकाचा खालचा भाग मागे जातो तेव्हा चाक पुढे धावते. तसेच हे ब्लेड लाकडावर चढून कारागिराच्या अंगावर धावू पाहते. लाकूड कठीण असले, दात जास्त पुढे झुकलेले असले, ओढणारा हात सैल असला की मशीन झटक्यात पुढे येते. नवशिक्याला वाटते की आपण करवत ओढतो. प्रत्यक्षात तिला रोखून धरायचे असते.

लांबीत चिरण्याचे काम याहून धोक्याचे. ब्लेड वळवल्यावर लाकूड एका विशिष्ट बाजूनेच सरकवायचे असते. चुकून उलट्या बाजूने सरकवले तर ब्लेड ते हिसकावून घेते आणि बाणासारखे फेकते. लाकडामागून ढकलणारा हात त्या क्षणी कुठे जाईल हे सांगायला नको. म्हणूनच अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत या मशीनबद्दल वेगळी कलमे आहेत. दांड्याचे पुढचे टोक किंचित उंच ठेवावे, म्हणजे हात सोडला की करवत आपोआप मागे जाईल. ब्लेड टेबलाच्या कडेबाहेर येऊ नये म्हणून अडसर असावा. चिरताना फळी कुठल्या बाजूने सरकवायची नाही, हे गार्डवरच लिहिलेले असावे.

नियम असूनही काय झाले? १९५८ ते १९९२ या काळात विकलेल्या क्राफ्ट्समन नावाच्या सुमारे ३७ लाख रेडियल आर्म सॉ २००० साली दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कारण पूर्ण ब्लेड झाकणारे गार्ड त्यांच्यावर नव्हते. कंपनीने नवे गार्ड फुकट दिले. ज्या मशीनला ते बसत नव्हते त्यांचा मोटारीचा भाग पैसे देऊन परत घेतला. दरम्यान सरकणारी माइटर सॉ आली, जिला आपले कारागीर चॉप सॉ म्हणतात. ती स्वस्त, हलकी आणि उचलून साइटवर नेता येण्यासारखी होती. रेडियल आर्म सॉ हळूहळू जुनी झाली.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला मी पहिले सांगितले ते हे. व्हिडिओत दिसणारी मशीन बहुधा त्या माणसाच्या वडिलांची किंवा आजोबांची आहे. "सगळी कामे करते" हा तिचा गुण म्हणून सांगितला जातो, पण अपघाताची वाट तिथूनच जाते. घ्यायचीच असेल तर ती फक्त आडव्या कापासाठी आहे असे समजून घे. तिच्यावर चिरू नकोस.

आपल्याकडची खरी करवत

पण हा सगळा अमेरिकेचा इतिहास झाला. आपल्या उपनगरांत करवत म्हणजे काय? चार इंची मार्बल कटर. टाइल कापण्यासाठी बनवलेली ही मशीन. तिला लाकडाचे ब्लेड लावायचे, गार्ड काढून टाकायचा, प्लायच्या तुकड्याला फट पाडून मशीन खालून उलटी स्क्रूने आवळायची, बटण टेप लावून दाबून ठेवायचे. झाली टेबल सॉ. अंधेरीतल्या टॉवरमध्ये फ्लॅटचे इंटिरियर चालू असो की मुलुंडमध्ये स्वयंपाकघराचे कपाट, बाल्कनीत हे टेबल दिसतेच. सोसायटीने आवाजाच्या कामाला ठराविक तासच दिलेले असतात, म्हणून कापण्याचे सगळे काम घाईत उरकायचे असते.

ही मशीन लहान दिसते म्हणून कमी धोक्याची वाटते. थोडा हिशेब करून पाहू. दहा इंची ब्लेड मिनिटाला २८५० फेरे फिरत असेल तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १३६ किलोमीटर होतो. चार इंची कटरचे ११० मिलिमीटरचे ब्लेड मिनिटाला १२,००० फेरे घेते असे धरले तर तोच वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होतो. म्हणजे छोट्या मशीनचे दात जवळपास दुप्पट वेगाने धावतात. आणि उलट्या कटरला गार्ड नाही, लाकूड चिमटू नये म्हणून ब्लेडमागे असायला हवे ते पाते नाही, हाताशी बंद करायचे बटण नाही. टेप काढेपर्यंत किंवा प्लग ओढेपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाते.

माझ्या एका विद्यार्थ्याचे तसेच झाले. वय १९. उजव्या हाताची दोन बोटे. मालकाने दवाखान्याचा खर्च दिला, वर चाळीस हजार दिले आणि गावी पाठवले. घरच्यांनी मालकाला दुवा दिली, कारण दुसरा असता तर तेवढेही दिले नसते. मालक वाईट माणूस होता असे मी म्हणत नाही. ती मशीन वाईट होती आणि ती तशी उलटी बांधण्याचा निर्णय त्या मुलाने घेतलेला नव्हता.

कामावरून मशीन ठरवा

मग घ्यायचे काय? दुकानदाराला विचारण्याआधी स्वतःला विचारा, की महिन्यातून जास्त दिवस मी काय कापतो?

काम प्लायचे असेल, आणि आजच्या मॉड्युलर फर्निचरच्या जमान्यात बहुतेकांचे तेच असते, तर रेडियल आर्म सॉ घेऊच नका. आठ बाय चार फुटांची १८ मिलिमीटरची शीट तीसेक किलोची असते. साधारण दहा इंची रेडियल आर्म सॉचा आडवा काप फूट-सव्वा फुटापर्यंत जातो. चार फुटी शीट तिच्यावर एका कापात निघत नाही, आणि शीट फिरवून अर्धा-अर्धा काप घेणे म्हणजे अपघाताला बोलावणे. यासाठी योग्य मशीन म्हणजे सरकत्या टेबलाची पॅनल सॉ. पण तिचे सरकते टेबलच दहा फुटांच्या आसपास असते, ती छोट्या गाळ्यात मावत नाही. तिथे शहाणपणाची वाट म्हणजे ज्याच्याकडे पॅनल सॉ आहे त्याच्याकडून मापाची यादी देऊन शीट कापून घेणे. पैसे जातात, पण माल वाया जाणे कमी होते आणि कडाही साफ मिळतात. साइटवर कापावेच लागले तर सात इंची हातातली सर्क्युलर सॉ, खालचे गार्ड जागेवर ठेवून, शीट जमिनीवर थर्माकोल किंवा पट्ट्यांवर आडवी टाकून आणि क्लॅम्पने बांधलेल्या सरळ पट्टीच्या आधाराने चालवावी. इथेही लाकूड थांबते आणि करवत चालते. डीवॉल्टची मूळ कल्पना शहाणपणाची होती ती एवढ्यापुरती.

काम घन लाकडाच्या पट्ट्या, चौकटी, फ्रेम यांचे असेल तर सरकणारी चॉप सॉ बहुतेकांना पुरते. ब्लेड वरून खाली येते, स्प्रिंगने परत वर जाते, गार्ड आपोआप बंद होते. माप लांब असेल तर दोन्ही बाजूंना त्याच उंचीचे फळ्यांचे टेबल बांधून घ्या. रेडियल आर्म सॉची जागेची सगळी सोय त्यात मिळते.

चिरण्याचे काम भरपूर असेल तर खरी टेबल सॉ घ्या. गार्ड, ब्लेडमागचे पाते, गुडघ्याने दाबता येईल असे मोठे लाल बटण, हे तिन्ही असलेली. परदेशात तर ब्लेडला बोट लागताच काही हजारांश सेकंदांत ब्लेड थांबवणारी टेबल सॉ २००४ पासून बाजारात आहे. ती आपल्या गाळ्याला परवडणारी नाही. पण ढकलायची लाकडी काठी फुकटात बनते, आणि तीही आपल्या किती गाळ्यांत दिसते?

आणि तरीही कुणाला जुनी रेडियल आर्म सॉ स्वस्तात मिळत असेल, तर पैसे देण्याआधी या गोष्टी तपासा. दांड्याचे पुढचे टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. हलले तर खांब झिजला आहे, काप कधीच काटकोनात येणार नाही. गुण्या लावून ब्लेड आणि पट्टी यांचा काटकोन पाहा. हात सोडल्यावर करवत मागे जाते का, बंद केल्यावर ब्लेड किती वेळ फिरत राहते, हे पाहा. गार्ड मूळचे आहे की कापून टाकले आहे ते पाहा. मशीन अमेरिकेची असेल तर ती १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर बनलेली असू शकते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. आपल्या ५० हर्ट्झवर तीच मोटार मिनिटाला ३४५० ऐवजी २८५० च्या आसपास फिरेल आणि जास्त तापेल. गाळ्याची वायरिंग जुनी असेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग मशीन.

ब्लेडही त्या मशीनचेच हवे. ओढायच्या करवतीला दात पुढे झुकलेले चिरण्याचे ब्लेड लावू नका. शून्याच्या आसपास किंवा किंचित मागे झुकलेल्या दातांचे ब्लेड मागा, ते अंगावर धावत नाही. आणि आपल्याकडे पॅकिंगच्या खोक्यांचे, पॅलेटचे पाइन लाकूड सोफ्याच्या फ्रेमला सर्रास वापरतात. त्यात खिळे असतात. कापण्याआधी चुंबक फिरवायला दोन मिनिटे लागतात. खिळ्याला लागून उडालेला दात डोळ्याच्या दिशेने निघाला तर थांबत नाही.

एक गोष्ट मशीनच्या किमतीत कुणी धरत नाही, ती म्हणजे भुस्सा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले. तोच भुस्सा पॉलिश, थिनर आणि फोमच्या शेजारी साठलेला असतो. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात फेब्रुवारी २०२५ मध्ये लागलेली मोठी आग सगळ्यांनी पाहिली. आग कशानेही लागो, भुस्सा साचलेल्या गाळ्यात तिला थांबायला जागा नसते. धूळ ओढणारी पिशवी, रोजची झाडलोट आणि पोटमाळ्यावरून उतरायची दुसरी वाट, हा खर्च करवतीबरोबरच धरला पाहिजे.

बोटाची किंमत

आता कायद्याकडे येऊ, कारण मशीनची खरी किंमत तिथे कळते.

१९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम २१ सांगत असे की यंत्राचा धोकादायक भाग झाकलेला असला पाहिजे. कलम २३ सांगत असे की अठरा वर्षांखालच्या कामगाराला पूर्ण माहिती, आणि प्रशिक्षण किंवा जाणकाराची देखरेख असल्याशिवाय धोक्याच्या यंत्रावर उभे करता येत नाही. पण हा कायदा ज्याला कारखाना म्हणत असे त्यात विजेवर काम चालणाऱ्या जागेत किमान दहा माणसे लागत. महाराष्ट्राने नंतर ही मर्यादा वीसवर नेली. आमच्या गल्लीतले लोक ज्याला कारखाना म्हणतात त्याला कायदा कारखाना म्हणत नाही. तपासणीला कुणी येत नाही.

मात्र १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा विजेवर माल बनणाऱ्या जागेला लागू होता. माणसे किती हा प्रश्न तिथे आडवा येत नसे. त्या कायद्याला जोडलेल्या यादीत शरीराच्या एकेका अवयवापुढे टक्के लिहिले आहेत. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली. तर्जनी पूर्ण गेली तर १४. मधले बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटे गेली तर २०. हा विषय आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे. तरी जुन्या कायद्याने वर सांगितलेल्या १९ वर्षांच्या मुलाला काय मिळाले असते ते पाहा. महिन्याचा पगार कमाल मर्यादेइतका, म्हणजे १५,००० धरला तर त्याचे ६० टक्के होतात ९,०००. १९ वर्षांच्या वयाचा ठरलेला गुणांक २२५.२२. गुणाकार २०,२६,९८०. त्याचे २० टक्के म्हणजे ४,०५,३९६ रुपये. त्याच्या हातात पडले होते चाळीस हजार.

या कायद्यात एक अट आहे ती प्रत्येक कारागिराने पाठ करावी. सुरक्षेसाठी गार्ड दिले आहे हे माहीत असताना कामगाराने ते मुद्दाम काढले आणि त्यामुळे जखम झाली, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून इतर बाबतींत मालक भरपाई नाकारू शकतो. म्हणजे "गार्डने काम हळू होते" म्हणून स्वतःच्या हाताने गार्ड काढणारा माणूस बोटाबरोबर आपला दावाही कापून टाकतो. उलट मालकाने गार्ड दिलेच नसेल तर त्याला ही सबब सांगता येत नाही. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो. पगार रोख मिळतो, हजेरी कुठे लिहिलेली नसते, म्हणून पुरावा राहत नाही. पगार खात्यावर किंवा मोबाईलवर घ्या. गाळ्यात काम करतानाचे दोन-चार फोटो असू द्या.

आणि देव न करो, बोट तुटलेच तर ते टाकून देऊ नका. स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकायचे नाही. जखमी माणसाबरोबर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पोहोचा.

निवडीत कुणाचा आवाज

स्वतःचे काम असणाऱ्या कारागिरांसाठी एक वाट सरकारी योजनेतूनही आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. हाताने आणि अवजारांनी काम करणाऱ्या, अठरा वर्षांवरील स्वयंरोजगारी कारागिराला नाव नोंदवता येते. पाच-सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत विनातारण कर्ज मिळते. नाव विश्वकर्मा असल्यामुळे ही योजना आपल्यासाठी नाही, असा समज मोहल्ल्यात मी ऐकला आहे. तो खरा नाही. योजनेची अट कामाची आहे. पश्चिम उत्तर प्रदेशातला सैफी समाज पिढ्यान् पिढ्या सुतार-लोहारकाम करत आला आहे. त्यांच्यातले कितीतरी हात आज ओशिवऱ्यात राबतात. त्यांनी ही योजना का सोडावी? मिळालेल्या रकमेत आणखी एक मार्बल कटर घेऊन तो उलटा बांधण्यापेक्षा गार्ड असलेली सर्क्युलर सॉ, चार चांगले क्लॅम्प, सरळ पट्टी, चष्मा आणि कानाचे बोळे घ्यावेत.

माझ्या या बोलण्यावर तीन उत्तरे मिळतात. पहिले, गार्डने काम हळू होते. होते, थोडेसे. पण दोन बोटे गेलेल्या कारागिराची गती आयुष्यभर कमी होते, ती कुणी मोजत नाही. दुसरे, इतकी वर्षे असेच चालले. चालले, कारण ज्यांचे चालले नाही ते गावी परत गेले आणि आपल्या नजरेआड झाले. तिसरे उत्तर, अल्लाह मालिक है. यावर मी एवढेच म्हणतो की आधी उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याच घरातली आहे. गार्ड लावणे म्हणजे उंट बांधणे.

मालकांच्या अडचणी मला कळतात. गाळ्याचे भाडे, ठेकेदाराची घाई, ऑनलाइन फर्निचरवाल्यांची स्पर्धा, उधारी. पण मशीन ही एकच गोष्ट अशी आहे जिची निवड मालक करतो आणि चुकीची किंमत दुसराच भरतो. हा हिशेब बदलायचा असेल तर एक साधी पद्धत सुरू करता येईल. मशीन घ्यायला मालक एकट्याने जाऊ नये. जो तिच्यावर उभा राहणार आहे त्याला बरोबर न्यावे. त्याला दुकानात ती बंद-चालू करून पाहू द्यावी, गार्ड उघडून-मिटून पाहू द्यावे, आणि तो नको म्हणाला तर ती घेऊ नये. पहिला महिना तिच्यावर फक्त उस्तादाने काम करावे. शिकाऊ मुलाने आधी मशीन बंद असताना ब्लेड बदलायला शिकावे, प्लग काढून. मगच बटणाला हात लावावा.

आम्हा शिक्षकांकडूनही काही करण्यासारखे आहे. मुलगा दाखला घ्यायला येतो तेव्हा आपण रजिस्टरवर त्याची सही घेतो आणि "दुआ में याद रखना" म्हणतो. त्याच वेळी, कुठल्या कारखान्यात जातोस, कुठली मशीन आहे, गार्ड आहे का, एवढे तीन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? अंधेरी, मुलुंड, बोरिवली इथे शासकीय आयटीआय आहेत. सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आठवी पास मुलालाही करता येतो, तो जवळ कुठे चालतो याची चौकशी करून त्याला सांगता येईल. काही जण तरी ऐकतील.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी रेडियल आर्म सॉ घेतली नाही. चॉप सॉ घेतली, प्लाय बाहेरून कापून आणायचे ठरवले, आणि गाळ्यात पहिल्या दिवशी एक नियम केला, की उलटा कटर इथे बांधायचा नाही. ठेकेदार कुरकुर करतो म्हणाला. करू दे. कुरकुर ऐकून घेता येते.